कांडपाचा परवाना

आडोशाला आलेला तो उंच तरुण गिऱ्हाईकच असणार, असं वासितीला वाटलं. पाऊस एकाएकी कोसळला होता आणि हा कमरेला गुंडाळलेला सुलू सावरत, धावत येऊन थेट तिच्या पत्र्याखाली उभा राहिला होता. सदऱ्याच्या आत कसलासा कागद जपून धरला होता त्याने.

"बुला! या, काय कुटायचंय?" वासितीने यंत्र बंद करत विचारलं. तिच्या केसांवर, पापण्यांवर, नाकाच्या शेंड्यावर यांगोनाच्या मुळांची पिवळट भुकटी बसली होती.

"कुटायचं...? नाही, म्हणजे — हो. पण मुळं आणायला विसरलो."

"कांडपाला निघालात आणि मुळंच घरी? वा! स्वतःच्या लग्नाला निघाल तेव्हा स्वतःला तरी आठवणीने न्या हं."

तो हसला. डाव्या गालावर खळी पडली. वासितीने उगाचच यंत्राचा पट्टा तपासायला घेतला.

यंत्र सहा महिन्यांपूर्वी आलं होतं. राजधानीत, सुवाच्या एका हॉटेलात पाच वर्षं लोकांच्या चादरी बदलून तिने जे काही साठवलं, ते सगळं या यंत्रात घातलं होतं. संध्याकाळी यांगोनाचं ते मातकट पाणी पोटात गेल्याशिवाय या गावात कुणाचं पान हलत नाही, त्यामुळे आत्याच्या अंगणातलं कांडप पहिल्या आठवड्यापासूनच जोरात चाललं. नगरपालिकेचा परवाना तिने काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावला होता. पुन्हा परक्यांच्या चादरींकडे तिला जायचं नव्हतं, काही झालं तरी.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला तो किलोभर मुळं घेऊन हजर. तिसऱ्या दिवशीही.

"रोज किलोभर?" वासितीने विचारलं. "घरात माणसं किती?"

"मी एकटाच. आणि... एक मांजर."

"मांजर बरंच पितं म्हणायचं!"

तो खोक्यावर बसायचा, ती यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची. त्याचं नाव एपेली, हे तिला कळलं. तो बोलताना मधेच थांबतो, आणि थांबला की तिच्याकडे बघत राहतो, हेही कळलं. पिशवी हातात देताना बोटाला बोट लागलं, आणि दोघांनीही एकदमच पावसाविषयी काहीतरी बोलायला सुरुवात केली. तेव्हा पाऊस नव्हता.

चौथ्या दिवशी तो वाकला आणि सदऱ्यातला कागद खाली पडला. वासितीने उचलला. वरती तिचंच नाव होतं.

परवाना चुकून दिला गेला आहे, असं त्यात लिहिलं होतं. आत्याचं घर असलेली इवीची गल्ली निवासी भागात येते. कांडप पंधरा दिवसांत बंद करावं. खाली सही होती — एपेली.

"हा एपेली कोण?" तिने विचारलं, जरी तिला कळलं होतं.

"मीच. परवान्याच्या टेबलावर मीच बसतो. कचेरीतला नकाशा खिडकीसमोर टांगलाय. वीस वर्षं ऊन खाऊन तुमच्या गल्लीचा निवासी नारिंगी रंग पार पिवळा पडलाय, बाजाराच्या भागासारखा. मी पाहिलं, पिवळा... मारला शिक्का. मग शेजारच्या दयाराम मास्तरांनी आवाजाची तक्रार केली, तेव्हा कपाटातला मूळ नकाशा काढला."

"आणि चार दिवस इथे बसून माझ्या गप्पा ऐकत होतात?"

"पत्र द्यायलाच येत होतो. रोज. पण तुम्ही हसलात की —"

"निघा, साहेब."

तो निघाला. वासिती यंत्राला टेकून पोटभर रडली. कांडप जाणार म्हणून रडली, आणि उद्या चार वाजता कुणी येणार नाही म्हणूनही रडली. या दुसऱ्या रडण्याचा तिला भयंकर राग आला.

पुढच्या शनिवारी दुपारी आत्याने हाक मारली. "वासिती, बाहेर ये. सोरो आलंय."

सोरो म्हणजे माफी. ती पत्राने मागता येत नाही. घरातलं वडीलधारं माणूस बरोबर घेऊन, यांगोनाची मुळं पुढे ठेवून मागावी लागते. ओसरीच्या चटईवर एपेली मान खाली घालून बसला होता. शेजारी त्याचे मामा, समोर लाल फितीने बांधलेली मुळांची जुडी.

"आमच्या पोराने तुमच्या घराचं वाईट केलं," मामा म्हणाले. "तोंड वर करायला जागा नाही. आमचं एवढं पदरात घ्या."

आत्या जागची हलली नाही. "नुकसान तिचं झालंय. तिने हात लावला, तरच आम्ही घेतलं."

सगळे वासितीकडे बघू लागले. तिचे हात मांडीवरच राहिले. "माफीने माझं यंत्र चालणार आहे का?"

"ते बाजारात चालेल की," मामा म्हणाले. "याने सांगितलं नाही? मासळीबाजाराशेजारचा गाळा तुझ्या नावाने झालाय. हलवायला ट्रकही नगरपालिकेचाच. चूक माझी, त्या बाईंची नव्हे, असं यानं लिहून दिलं आणि तीन सभांमध्ये उभं राहून शिव्या खाल्ल्या. आता टेबल गेलं. सोमवारपासून स्वारी कचऱ्याच्या गाडीवर."

"बरंच झालं," एपेली चटईकडे बघत पुटपुटला. "कचऱ्याला नकाशा लागत नाही."

वासितीने ओठ दाबून धरले. हसायचं नव्हतं तिला. "हे आल्या आल्या का नाही सांगितलं?"

"आधी माफी मागायची होती. गाळा दाखवून मागितली असती, तर... तो सौदा झाला असता."

तिने हात पुढे केला आणि जुडीवर ठेवला. आत्याने स्वीकाराची टाळी वाजवली, मामांनी मोठा श्वास सोडला.

आता ती मुळं कुटून प्यायला हवीत. एपेलीने सवयीने यंत्राकडे पाहिलं.

"अं हं! परवाना नाही," वासिती म्हणाली. "हाताने कुटा."

लोखंडी मुसळ तिने त्याच्या हातात दिलं आणि उखळाशी बसली, बाहेर उडालेले तुकडे आत लोटायला. दहाव्या घावालाच त्याला घाम फुटला.

"हात दुखतोय?"

"नाही... हो. पण तुम्ही इथेच बसा."

कुंपणावरून दयाराम मास्तरांचं डोकं वर आलं. "पुन्हा सुरू? माणसाने दुपारी डोळा मिटायचा की नाही?"

"या मास्तर, प्यायला या," आत्या म्हणाली. मास्तर चष्मा पुसत आले आणि चटईवर सगळ्यात ऐसपैस बसले.

लाकडी परातीत पाणी कालवलं गेलं, करवंट्या फिरल्या. एपेलीने मात्र आपली करवंटी कशीबशी, डोळे मिटून संपवली. मामा खो-खो हसले. "याला यांगोना सोसत नाही. कधी पीत नाही."

"पीत नाही?" वासितीने विचारलं. "मग ती रोजची मुळं?"

"डब्यात आहेत," एपेली लाजून म्हणाला. "सगळी."

"म्हणून तर मी हेही आणलंय," म्हणत मामांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला देवमाशाचा दात काढला. मुलगी मागायला जाताना नेतात, तो.

"मामा! मी असं काही सांगितलं नव्हतं!"

"तू काहीच सांगत नाहीस, हेच तर तुझं दुखणं आहे."

आत्याने वासितीकडे पाहिलं. वासितीने हातातली करवंटी चटईवर ठेवली.

"आज नाही, मामा," ती म्हणाली. एपेलीचा चेहरा उतरला. "एका दिवशी एकच काम नीट होतं. उद्या चर्चनंतर या. घर झाडून ठेवते." मग ती त्याच्याकडे वळली. "आणि एपेली... मला तू आवडतोस. फार आवडतोस. तीन वाजले की मी केस धुऊन तुझी वाट बघायचे. मीच सांगून टाकते, कारण तुला सांगायला वर्ष लागेल."

"वर्ष कशाला?" एपेली उठून उभा राहिला. "आत्ता सांगतो."

आणि त्याने सांगितलं. आत्यासमोर, मामांसमोर, मास्तरांसमोर, खणखणीत आवाजात, एकदाही न थांबता.