जिवंत माणसाला घातलेला हार

पटो न पटो, हे घडलंय. महागावहून फुलसावंगीला जाताना देवसिंगचं भोजनालय लागतं ना, तिथेच. मागच्या उन्हाळ्यात.

आणि रात्री-बेरात्री नाही... भर दुपारी.

टीव्हीवरच्या एका मालिकेचं शूटिंग झालं ते हेच हॉटेल. तेव्हापासून लोक मुद्दाम गाड्या थांबवतात आणि कोपऱ्यातल्या तसबिरीखाली फोटो काढून घेतात.

तसबीर देवसिंगच्या आईची. सुखीबाईची.

मालिकेत नायिकेची मेलेली आई दाखवायची होती. सेट लावणाऱ्या माणसाला भिंतीवरचा सुखीबाईचा फोटो भारी आवडला. फेटिया-कांचळीचा बंजारा पेहराव, हातात चांदीचं जाड कडं, तोंडभर हसू.

"यांना चंदनाचा हार घातला तर चालेल?" त्याने विचारलं.

त्या वेळी सुखीबाई आत भाकरी थापत होती.

चांगली जिवंत.

"घाला न," देवसिंग म्हणाला. नाही म्हटलं तर ही मंडळी दुसऱ्या धाब्यावर जातील, एवढंच त्याच्या डोक्यात. आईला विचारायचं त्याला सुचलं होतं. ती नको म्हणेल म्हणूनच त्याने विचारलं नाही.

पाणी प्यायला ती बाहेर आली आणि थबकली.

"देवा, मले हार कायले घातला रे? मी तं भाकरी करून राह्यली."

"टीव्हीसाठी आहे, याडी. शूटिंग झालं की काढतो."

पण शूटिंग अर्धंच झालं. जाताना मंडळींनी बजावलं, परत येऊ तेव्हा भिंत जशीच्या तशी दिसली पाहिजे, काही हलवू नका.

हार राहिला. सुखीबाई दिवसभर त्याच्याखालून ये-जा करायची. आधी थट्टा करायची. मग मान खाली घालून जायला लागली.

"काढ न रे तो. जीव घाबरते माहा."

"त्या लोकायले एकदा येऊन जाऊ दे, याडी."

ते लोक यायच्या आधीच सुखीबाई गेली. पीठ मळता मळता... परातीवरच ओणवली.

मंडळी आली. हळहळली. मग कुणीतरी म्हणालं, "आता हार काढायचा प्रश्नच नाही."

राहिलेला सीन उरकून ते गेले. देवसिंगच्या काळजात मात्र ते शब्द रुतून बसले.

तेरवी झाली. भोजनालय उघडलं. सकाळी बघतो तर तसबिरीवर हार नाही.

हार... परातीत होता.

खिळा ढिला असेल म्हणून त्याने तो पुन्हा अडकवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा परातीत. मग तारेने बांधला. तारेचा पीळ तसाच राहिला आणि हार परातीत.

त्याने हार घालणं सोडलं.

मग ती दुपार आली. गिऱ्हाईक ओसरलं होतं. आता भाकऱ्या करायला ठेवलेली कांताबाई घरी गेली होती. चूल विझलेली. यवतमाळची एक बाई तेवढी तसबिरीपाशी फोटो काढत होती.

आतून आवाज आला.

थप... थप... थप...

मधूनच परातीच्या काठाला कडं लागल्याचा आवाज. ते कडं देवसिंगने स्वतः आईच्या हातातून उतरवून पेटीत ठेवलं होतं.

"मालिकेत यांना हार होता ना?" बाईने विचारलं. "या खऱ्या कोण?"

"माही याडी."

"आहेत का अजून?"

आतली थाप... थांबली.

नुसता पंखा फिरत होता. आत कुणीतरी कान देऊन बसलंय, हे देवसिंगला न बघताच कळलं.

"आहे न," तो म्हणाला. "आत आहे. भाकरी करून राह्यली."

थप... थप... थप...

"मग त्यांच्या हातची एक गरम भाकरी द्या की," बाई खूश होऊन म्हणाली.

देवसिंग आत गेला. कुणी नव्हतं. चुलीतली राख थंडगार. आणि टोपल्यात एकच भाकरी...

वाफाळती.

त्याने ती वाढली. बाई आवडीने जेवून गेली.

आजही कुणी विचारलं की तो तेच सांगतो, याडी आत आहे. जिवंतपणी तिला मेलेली दाखवू दिलं आणि मेल्यावर चुलीपुढून उठू देत नाही, ही बोच त्याला झोपू देत नाही. माफी मागायला तो रोज दुपारी आत जातो.

त्याचं पाऊल उंबऱ्यावर पडलं की थाप थांबते.

तो बाहेर गेल्यावरच पुन्हा सुरू होते.