लाल दोऱ्याची घंटा

सकाळी आणखी एक घंटा फुटलेली सापडली. या वेळी सरपंच शिमकोवाबाईंनी कुणाला काही विचारलंच नाही. त्यांनी सरळ मातौशकडे पाहिलं.

मातौश सात वर्षांचा. जुन्या शाळेच्या सभागृहात तो दाराशी उभा होता, डोळ्यांवर बाबांचा मासे पकडायला जाताना घालायचा चष्मा. चष्मा इतका ढगळ, की एका हाताने धरून ठेवावा लागे. हिवाळ्यात बाबा गेले, तेव्हापासून तो चष्मा त्याने जेवतानाही काढला नव्हता. कधीतरी एकदा त्याने हातातली बशी भिंतीवर भिरकावली होती. लिश्ची पासेकासारख्या चिमुकल्या गावाला संशयासाठी तेवढी एक बशी पुरली.

कितीतरी वर्षांनी गावातली काचेची भट्टी पेटली होती. रविवारच्या जत्रेसाठी हानुशकाकांनी काचेच्या घंटा केल्या होत्या. सभागृहात खिडकीशी लांब टेबलावर त्या मांडल्या होत्या. मागे कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर जुन्या कारागिरांचे फोटो एकामागून एक सरकत राहायचे. सभागृहाची किल्ली दोघींकडेच होती, एक सरपंचबाईंकडे आणि दुसरी मातौशच्या आईकडे. आई तिथली साफसफाई करायची, म्हणून वरच्या दोन खोल्या त्यांना राहायला मिळाल्या होत्या.

"जत्रेपर्यंत थांबते मी," शिमकोवाबाई आईला म्हणाल्या. "मग किल्ली परत दे. किल्लीबरोबर खोल्याही, हे तुला सांगायला नको."

आई "बरं" म्हणाली आणि तिने काचा सुपलीत भरल्या.

मातौशची बारा वर्षांची बहीण राद्का शेजारीच उभी होती. आपल्याला राग यायला हवा, हे तिला कळत होतं. पण कानात कापूस कोंबल्यासारखं सगळं लांबून येत होतं. बाबांच्या वेळीही असंच झालं होतं. सगळे म्हणाले, किती धीराची पोर! धीर कसला? आत काही हललंच नव्हतं.

तिचा मामेभाऊ ओता सुट्टीला शहरातून आला होता. त्याच्या तोंडाला मात्र कुलूप नव्हतं. दुपारी तिघं रानात ब्लूबेरी वेचायला गेली, तेव्हा वेचण्यापेक्षा खाण्यावरच भर देत त्याने चोर, भुतं, सरपंचबाईंचा बोका असे सगळे संशयित मोजून टाकले. शेवटी राद्काने मातौशला विचारलंच, तू फोडलीस का? आईनेही काल रात्री हेच विचारलं होतं, हळू आवाजात.

"नाही," मातौश म्हणाला. "तिच्या पोटात इंद्रधनुष्य होतं. मग ती फुटली."

"म्हणजे पोटदुखीने गेली बिचारी," ओता जांभळ्या तोंडाने हसला.

राद्का हसली नाही. मातौशने ते, पाऊस पडला असं सांगावं तितक्या सहज सांगितलं होतं. खोटं बोलताना तो पायाने माती उकरायचा. आत्ता पाय स्थिर होते.

परत आली तेव्हा आई सभागृहात फरशी पुसत होती. मातौशने टेबलावरच्या एका घंटेकडे बोट दाखवलं. राद्काला नुसती स्वच्छ काच दिसली. मग तिने त्याच्याकडून चष्मा मागून घेतला. बऱ्याच ओढाताणीनंतर त्याने तो दिला. पाण्यावरची चकाकी मारून खालचे मासे दाखवणारा तो चष्मा होता. तो लावून तिने पडद्याच्या उजेडासमोरची घंटा पाहिली आणि ती थबकली. दांड्याच्या मुळाशी निळे, पिवळे, गुलाबी पट्टे पिळवटलेले होते. शेजारच्या घंटांमध्येही रंग होते, पण फिके.

ओता धावत वर गेला आणि पणजोबांनी केलेली घंटा कपाटातून घेऊन आला. तिला पडद्यासमोर धरलं. तिच्यात रंगाचा एक ठिपकाही नव्हता. तिच्या आत सगळं शांत होतं.

"चांगल्या काचेत दिसत नाही," ओता पुटपुटला. "म्हणजे हे रंग म्हणजे दुखणंच आहे काहीतरी."

तेवढ्यात आईने फरशी वाळावी म्हणून नेहमीसारखी खिडकी उघडली. दिवसभर उन्हात तापलेल्या टेबलावर डोंगरावरचा गार वारा आला. टिक्, असा बारीक आवाज झाला आणि रंगांनी भरलेली घंटा दांड्यापाशी दुभंगली. जवळ कुणीच नव्हतं. राद्का तिच्याकडेच बघत होती.

"चला, सरपंचबाईंना सांगू," ती म्हणाली.

"आणि पाहिलं कुणी? तू, मी, आत्या आणि हा," ओताने मातौशच्या डोक्यावर टपली मारली. "त्यांना आणखी एक फुटलेली घंटा दिसेल, बास!"

ते खरंच होतं. मग राद्का ओताला घेऊन हानुशकाकांकडे गेली. काका भट्टीशी स्टूल टाकून बसले होते. भट्टीतून काढलेली काच शेजारच्या दुसऱ्या, कमी आचेच्या भट्टीत निवत ठेवायची असते. गावात म्हणत, काच झोपलीय, हळू बोला. राद्काने विचारलं, घंटा पूर्ण झोपल्या होत्या का?

काकांनी पायाने राख सारखी केली. वर्तमानपत्राचा फोटोवाला शुक्रवारीच यायचा होता, सरपंचबाईंना घाई होती, असं ते म्हणाले. म्हणून त्यांनी घंटा लवकर काढल्या.

"हाताला गार लागत होत्या गं. पण वरून गार लागलं म्हणजे आतून निवलं, असं नसतं. आत ताण राहिला, की गार वाऱ्यानेही तडकते. फुटायला लागल्या तेव्हा मनात आलं होतं माझ्या. पण तोवर तुझ्या भावाचं नाव निघालं होतं. मी गप्प बसलो."

ओता तोंड उघडणार होता. राद्काने त्याची बाही ओढली. उद्या दुपारी सभागृहात या, एवढंच ती काकांना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सरपंचबाई जत्रेची मांडणी बघायला आल्या, तर चष्म्यातून सगळ्यांत गडद रंग दिसलेल्या घंटेच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला. राद्काने त्यांना शांतपणे सांगितलं, आज हीच फुटेल. आई आणि मातौश बाहेर आवारातल्या बाकावर बसली होती, खिडकीतून दोघंही स्पष्ट दिसत होती. राद्का आणि ओता भिंतीला पाठ लावून उभे राहिले, हात मागे.

"हा काय खेळ आहे?" सरपंचबाई म्हणाल्या, पण खुर्ची ओढून बसल्या.

ऊन टेबलावर आलं. ओता कॉलर हलवू लागला, घाम पुसू लागला, काय कोंदटलंय, आत्या असती तर खिडकी उघडली असती, असं स्वतःशीच मोठ्याने म्हणू लागला. सरपंचबाईही रुमालाने वारा घेत होत्या. शेवटी त्या उठल्या आणि त्यांनी खिडकी सताड उघडली.

वारा आला. खिडकीचे पडदे हलले. काहीच झालं नाही.

ओताचा चेहरा पडला. सरपंचबाईंच्या ओठांवर हसू येऊ लागलं. राद्का लाल दोऱ्याकडे बघत राहिली. बाहेर मातौश पाय हलवत बसला होता. आज जमलं नाही, तर सोमवारी सामान बांधायचं.

टिक्.

दोऱ्यासकट दांडा टेबलावर आडवा झाला.

सरपंचबाईंचा हात अजून खिडकीच्या कडीवरच होता. "मी... मी नुसती खिडकी उघडली."

"आईही तेवढंच करते," राद्का म्हणाली.

दारातून हानुशकाका आत आले, टोपी काढून. त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी आणि सरपंचबाईंची घाई नंतर. मातौशला चष्म्यातून दिसलेल्या रंगांचं राद्काने सांगितलं. शिमकोवाबाई आवारात गेल्या. आईसमोर उभ्या राहून त्यांनी सगळ्यांच्या देखत माफी मागितली. मग मातौशपुढे त्या गुडघ्यावर बसल्या.

"गावात काच कळणारे एवढे," त्या म्हणाल्या, "आणि नीट बघितलं कुणी, तर तू!"

मातौशने विचारलं, मग मी रविवारी पणजोबांची घंटा वाजवू का? तीच वाजवून जत्रा सुरू झाली. उरलेल्या घंटा काकांनी पुन्हा तापवून निवायला ठेवल्या होत्या, आणि घाई करायला कुणी आलं नाही. लोक ओताच्या आणि राद्काच्या पाठीवर थाप मारत होते. ओता तर प्रत्येकाला खिडकीची गोष्ट थोडी वाढवून सांगत होता. आईच्या एप्रनच्या खिशात किल्ली वाजत होती.

संध्याकाळी तिघं निवत्या भट्टीशी जाऊन बसली. मातौशने चष्मा सावरला आणि राद्काकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"ताई, तू नाही ना फुटणार?"

"नाही रे," ती म्हणाली.

पण आवाज भलताच निघाला, ओला आणि जाड. मग खांदेही हलू लागले. ओताने खिशातला ब्लूबेरीने जांभळा झालेला रुमाल पुढे केला. मातौशने डोळ्यांवरचा चष्मा काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि भट्टीकडे बघत ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," तो ओताला म्हणाला.