काटोल रोडवरचा चांदण्यांचा फोटो

लाइट काही इतक्यात येत नाही. वैभवी, मोबाइलचा टॉर्च बंद कर बेटा, डोळ्यांवर येतो. बसा सगळे इथंच गच्चीवर. सांगतो ते घडलेलं आहे आणि ज्याच्यासोबत घडलं त्याला तुम्ही पाहिलंय. इंदोऱ्याचा धम्मानंद. आपल्या या बिल्डिंगचे फोटो त्यानंच काढले होते.

गेल्या डिसेंबरातली एकोणीस तारीख. शुक्रवार, मार्गशीर्षातली अमावास्या. दुपारी तो माझ्याकडे आला. माझा स्टुडिओ बंद होऊन किती वर्षं झाली, पण जुन्या लेन्सा मी ठेवल्या आहेत हे त्याला ठाऊक होतं.

"काका, तुमची ती जुनी वाइड लेन्स पाहिजे होती," म्हणाला. "रात्रीचं काम आहे. माही लेन्स अंधारात फोकसच धरत नाही, नुसती घरघर करते."

काम होतं चंपतरावांचं. काटोल रोडला त्यांचा संत्र्याचा बगीचा. तिथं त्यांनी पाहुण्यांसाठी नवं घर बांधलं होतं आणि त्यांना फोटो हवा होता तो घरावर चांदण्या पसरलेला. "शहरातल्या लोकायले चांदण्या कुठी दिसते गा?" असं त्यांचं म्हणणं. चांदण्यांसाठी अमावास्याच लागते. चंद्र असला की त्याच्या उजेडात चांदण्या पुसल्या जातात.

मी लेन्स काढून दिली. पेरूएवढी, सगळी धातूची, हातात घेतली की वजन कळतं. त्याच्या नव्या कॅमेऱ्यावर ती बसावी म्हणून मध्ये एक कडी लावावी लागते. मग फोकस सगळा हातानं. लेन्सवरची रिंग फिरवायची, तिच्यावर मीटरचे आकडे कोरलेले असतात. आकडा सांगतो, वस्तू किती लांब आहे ते. नव्या कॅमेऱ्यात आणखी एक सोय असते. जे फोकसमध्ये येईल त्याच्या कडा स्क्रीनवर लाल चमकतात. खांबाची कड, फांदीची कड, माणसाची कड. अंधारात फार उपयोगी पडतं.

मी त्याला विचारलं, "काटोल रोडला जाशील ना रे?"

त्यानं लेन्स रुमालात गुंडाळली आणि गेला.

विचारायचं कारण होतं. त्याची बायको सरिता काटोलची. श्रावणात तिच्या आईला बरं नव्हतं म्हणून फोन आला. बस चुकली, तर भर पावसात स्कूटीच घेऊन निघाली. तोंडाला स्कार्फ बांधलेला, आपल्याकडच्या पोरी बांधतात तसा, नुसते डोळे उघडे. काटोलला ती पोचलीच नाही. फेटरी गावाच्या पुढे तिची स्कूटी सापडली, रस्त्याच्या कडेला, नीट स्टँडवर उभी. चावी लागलेली. सरिता नाही.

पोलिसांनी शोधलं. नाले पाहिले, तलाव पाहिले. धम्मानंद महिनाभर त्या रोडनं पायी हिंडला. ढाब्यावर, टपरीवर, बसमध्ये चढून तिचा फोटो दाखवायचा. रात्री घरी आला की त्याची आई भीमाबाई ताट वाढून बसलेली असायची आणि तो ताटाकडं पाहत बसायचा. एकदा मला म्हणाला, "काका, ती गेली असं कोणी पक्कं सांगितलं ना, तरी मी झोपीन. पण कोणी सांगतच नाही." पुढं पुढं त्यानं त्या रोडचं नाव घेणंही सोडलं. पण घर चालवायचं होतं, आणि काम तर तिकडंच निघालं.

तर तो पोचला. चंपतराव किल्ली देऊन नागपूरला निघून गेले. मागं राहिला राखणदार नत्थू, तो फाटकाजवळ शेकोटी करून बसलेला. धम्मानंदनं घरासमोर, नांगरलेल्या मोकळ्या तुकड्यात ट्रायपॉड लावला. डाव्या हाताला संत्र्याच्या रांगा. घरातला एक दिवा चालू. वर आभाळ असं गच्च भरलेलं की खाली पडेल. थंडी मरणाची.

रिंग त्यानं शेवटाला नेली. छपराची कड लाल झाली, तारे लाल झाले. फोटो घेतले, चांगले आले. मग वाटलं, पुढचं संत्र्याचं झाड घेऊन एक काढू. म्हणून त्यानं रिंग हळूहळू मागं फिरवली.

झाडाच्या आधीच काहीतरी लाल झालं.

मोकळ्या जमिनीत. जिथं काहीच नव्हतं तिथं.

त्यानं मान वर करून पाहिलं. ढेकळं. अंधार.

स्क्रीनवर पाहिलं. बारीक लाल रेघ. खांदे. एका पायावर भार देऊन उभं राहणं. डोक्याभोवती गुंडाळलेला स्कार्फ.

"सरू?"

मला सांगताना म्हणाला, "काका, मले भीती नाही वाटली. भीती वाटायची जागाच उरली नव्हती."

रेघ मिटायला लागली. फोकसमधून जात होती. त्यानं रिंग जराशी फिरवली आणि ती परत उमटली. आकडा कमी झाला होता. पाच मीटर. परत पुसट झाली. परत फिरवली. तीन. वाइड लेन्समध्ये माणूस असतो त्याहून लांब दिसतो, पोरांनो. स्क्रीनवर ती अजून दूरच वाटत होती. पण आकडा खोटं बोलत नाही.

"कुठी होती वं तू?" तो बोलत सुटला. "किती शोधलं तुले. मायनं अजून तुह्या साड्या हलवल्या नाही. सांग ना, कुठी आहेस? मी येतो घ्यायले. जशी असशील तशी..."

दोन.

एक.

रिंग अडली. त्याच्या पुढं ती फिरत नाही. म्हणजे सरिता काचेपासून वीतभर.

स्क्रीनभर स्कार्फ. त्याचा एकेक धागा लाल.

आणि डोळे...

डोळ्यांच्या जागी एकही रेघ नव्हती. पापणी नाही. भुवई नाही. सगळ्याला कड होती. तेवढ्याला नव्हती.

हे त्यानं पाहिलं. नीट पाहिलं. तरी म्हणाला, "थांब सरू. जाऊ नको."

ती वळली.

त्यानं कॅमेरा ट्रायपॉडवरून काढला. पट्टा गळ्यात, नजर स्क्रीनवर. रिंग उलटी फिरवत चालू लागला. दोन. तीन. ती पुढं, हा मागं. संत्र्याच्या रांगेत शिरला. फांद्या तोंडावर लागत होत्या. काटे ओरबाडत होते. स्क्रीन सोडून कुठंच पाहायचं नाही, पाहिलं तर ती जाईल. पाच. रांग संपली. तारेचं कुंपण. तो वाकून खालून गेला. पँट फाटली. ती थांबलेली, याच्यासाठी. मग परत पुढं.

"हळू चाल ना वं..."

रिंग शेवटाला गेली. तिथं ती उभी राहिली. ताऱ्यांच्या खाली. पहिल्यांदा तिनं हात पुढं केला.

त्यानं पाऊल टाकलं.

खाली काही नव्हतं.

आणि मागून कॉलर धरून कोणीतरी त्याला असं खेचलं की तो पाठीवर आपटला. ओरडला तो. नुसता ओरडला. मग तसाच पडून राहिला. 

टॉर्चचा उजेड हलत आला. नत्थू धावत होता. दम लागलेला.

"काय झालं साहेब? काहून ओरडले?"

"सोडलं काहून नाही मले?" धम्मानंद रडत म्हणाला. "जाऊ द्यायचं होतं ना. काहून ओढलं?"

"कोणं ओढलं?"

"तूच तं ओढलं."

नत्थूनं टॉर्च खाली केला. "मी तं फाटकावर होतो साहेब. तुमचा आवाज आला, तवा उठलो."

टॉर्च पुढं वळवला. दोन हातांवर विहीर. कठडा नसलेली, जुनी, कोरडी. उजेड खाली जात राहिला. तळाला नुसते दगड.

दुसऱ्या दिवशी तिच्यात माणसं उतरवली. धम्मानंदनं हट्टच धरला होता. काही मिळालं नाही. वाळलेली पानं, एक फुटकी बादली. संध्याकाळपर्यंत तो काठावर बसून होता. चंपतरावांनी पुढच्या आठवड्यात विहिरीवर लोखंडी जाळी टाकली. फोटोत सरिता नाही. एकाही नाही. घर आहे, तारे आहेत. लोक म्हणतात, फार सुंदर फोटो आहेत.

लेन्स मी परत घेतली. त्यानंतर तो दोनदा आला मागायला. "एकदाच द्या काका. एकच रात्र." मी नाही दिली. पाया पडला, तरी नाही दिली. जाताना पायरीवर थांबला आणि म्हणाला, "समोर ती होती... तर मागून कोणं ओढलं, काका?"



त्या रात्रीचा त्याचा शर्ट भीमाबाईनं धुतला. निळा, साधा सुती शर्ट. डिसेंबरच्या कोरड्या हवेत कपडा तासाभरात कडक होतो. हाही झाला. फक्त कॉलरला मागं, मुठीएवढी जागा ओली राहिली. तिनं ती पिळली, शर्ट परत उन्हात टाकला. इस्त्री फिरवली. वाफ निघाली, आणि परत ओली.

मेमधलं नागपूरचं ऊन तुम्हाला काय सांगायचं. त्या उन्हात मी स्वतः इंदोऱ्याला गेलो होतो. शर्ट तारेवरच होता, रंग पार उडालेला. मी कॉलरला हात लावला...

बोटांना पाणी लागलं. थंडगार.