उतारावर न्यूट्रल

क्रांतीला त्या दुकानात शिरायचंच नव्हतं. आपल्या जिल्ह्यात तारीख मिळेना म्हणून ती पलूसहून साताऱ्याला आली होती मोठ्या गाडीच्या लायसनची परीक्षा द्यायला. नंबर तीन वाजता, घड्याळात साडेअकरा, आणि भाद्रपदातली सर अशी तिरपी आली की ओढणी सावरायलाही सवड दिली नाही. समोर एक शटर अर्धं वर होतं. ती वाकली, आत घुसली... आणि बघतच राहिली.

तीन मोठे पडदे एकाला एक जोडून लावलेले. त्यांच्यासमोर गाडीचं स्टिअरिंग, खाली क्लच-ब्रेक, बाजूला गिअरची दांडी, आणि बसायला भंगारातून आणलेली गाडीची सीट. भिंतीवर पाटी — ‘इथे बसा, खरी गाडी चालवा’.

पाटी वाचून क्रांती फिस्सकन हसली.

“हसायला काय झालं?” पडद्यामागून एक डोकं वर आलं. तोंडात स्क्रू धरलेला, केस विस्कटलेले, आणि पापण्या अशा लांब की पोरींनी बघून जळावं.

“खरी गाडी म्हणं! खऱ्या गाडीचं आधी बुडाखाली कळतं, मग डोळ्याला दिसतं. तुमच्या ह्या सीटला काय कळतंय?”

त्यानं स्क्रू तोंडातून काढला. “मॅडम काय चालवतात?”

“ट्रॅक्टर. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या. आन् मॅडम तुमच्या घरी. माझं नाव क्रांती हाय.”

“मी यशराज. या गेम खेळतो, एकमेकींशी ताडून बघतो, कुठली किती खरी ते मोबाईलवर व्हिडिओ करून सांगतो. बसा की. बाहेर पाऊस आहे, आत मी आहे... दोन्ही थांबेपर्यंत जाता येणार नाही.”

“तुमी कवा थांबता?”

“माझं काही खरं नाही.”

आगाऊ होता. पण आगाऊपणा करताना स्वतःच लाजून कानापर्यंत लाल होणारा माणूस कुणाला नकोसा होतो? क्रांती बसली.

पहिली गेम समुद्राकाठची. हिरवीगार झाडं, निळं पाणी, आणि लग्नातल्या करवलीसारखी नटलेली गाडी. क्रांतीनं मुद्दाम भिंतीवर घातली. ओरखडासुद्धा नाही! वर एक बटण असं की दाबलं की गाडी उलटी मागं जाते आणि झालेली चूक झालीच नाही असं होतं.

“ही माहेरची गेम,” क्रांती म्हणाली. “काय बी फोडा, कोण बोलत न्हाई.”

दुसरी गेम देखणी. शेकडो गाड्या, सीटवरची शिवणसुद्धा दिसावी, प्रत्येक इंजिनाचा आवाज निराळा. ती पाच मिनिटं चालवून क्रांती म्हणाली, “हा नवरदेव. मिरवायला झकास. नांदायला कसा, ते मागनं कळंल.”

यशराज हसून हसून खाली बसला. “आणि आता ही तिसरी.”

तिसरीत बघण्यासारखं काही नव्हतं. करडा रस्ता, करडं आभाळ. पण क्लच जरा चुकला की इंजिन बंद. टायर थंड असला की घसरतो, ब्रेक जास्त दाबला की तापतो, तापला की लागत नाही. आणि स्टिअरिंग हातात असं ओढ घेतं की मनगटं भरून येतात.

“ही सासू,” क्रांती ओठ आवळून म्हणाली. “केलेलं सगळं ध्यानात ठेवती, आन् तीन वळणं गेल्यावर तोंड उघडती.”

तेवढ्यात उतार आला. क्रांतीचा हात आपसूक दांडीवर गेला आणि गाडी न्यूट्रलला टाकून ती निवांत मागं टेकली. गाडी सुटली. ब्रेकवर पाय, पुन्हा पाय... तिसऱ्या वळणावर सरळ शेतात.

तिनं वळून बघितलं. यशराजचं हसू गेलं होतं.

“न्यूट्रल का केलंत?”

“उतार हाय की! डिझेल वाचतं. आमचा सगळा तालुका तसाच उतरतो. म्हंजे ट्रॉल्या रिकाम्या असल्या तरच... भरलेल्या घेऊन न्हाई, मला जीव प्यारा हाय.” मग ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं बोलली, “माहेरच्या गेममधी बी मी न्यूट्रल केली हुती. तिला पत्ता बी न्हवता. नवरदेव जरा हलला. सासूनं बरोबर पकडलं. मंग खरी कोण, ते उतारावर न्यूट्रल करून बघायचं... न्हाई व्हय?”

“ही परीक्षा मला तीन वर्षांत सुचली नाही,” तो म्हणाला. पण म्हणताना तिच्याकडे बघत नव्हता.

तीन वाजताच्या लायसनच्या परीक्षेत क्रांती पास झाली. आठवड्याभरात यशराजचा व्हिडिओ आला. माहेर, नवरदेव, सासू — सगळी नावं तिचीच, आणि शेवटी ‘ही नावं पलूसच्या एका जाणकार ड्रायव्हरनं ठेवली आहेत’. क्रांतीनं तो व्हिडिओ ट्रॅक्टरच्या सावलीत बसून चारदा बघितला.

मग फोन सुरू झाले. “क्लचचं एक विचारायचं होतं...” क्लचला इतकं विचारण्यासारखं असतं काय? पण विचारणाऱ्याला असतं, आणि सांगणारीलाही कंटाळा नसतो. पंधरा दिवसांत क्लच मागं पडला. जेवलात का, आज किती खेपा झाल्या, आवाज का बसलाय... अहो-जाहोतून त्याचा तर हळूच ‘तू’ झाला. क्रांतीनं ऐकला आणि ऐकला नाही असं दाखवलं. एकदा ती म्हणाली, “तुमी स्वतः गाडी कुठली चालवता?” तर म्हणाला, “मी एसटीनं जातो.” आणि विषय बदलला.

दिवाळी झाली, कारखाने सुरू झाले आणि कवठे महांकाळचं स्थळ आलं. मुलगा नोकरीला, घर चांगलं. फक्त एक म्हणणं — मुलीनं ट्रॅक्टर सोडायचा. वडिलांनी, म्हणजे भाऊसोंनी, रविवार दुपारचा बघायचा कार्यक्रम ठरवून टाकला.

गुरुवारी क्रांती ट्रॅक्टरचा पार्ट आणायला म्हणून साताऱ्याला निघाली. भाऊसो म्हणाले, “पार्ट कऱ्हाडात मिळंना झाला व्हय?” क्रांती म्हणाली, “साताऱ्याचा टिकतो.”

दुकानात जाऊन तिनं आडवळण घेतलं नाही. “रविवारी मला बघायला येणार हायत.”

यशराजच्या हातातली वायर तशीच राहिली. तो काहीतरी बोलणार... ओठ हलले... आणि म्हणाला, “मी एक रस्ता बनवलाय. सासूच्या गेममध्ये. चालवून बघशील?”

आता ह्याला काय म्हणावं! पोरगी नव्वद किलोमीटर कशासाठी आली आणि हा काय दाखवतोय! पण क्रांती बसली. पडद्यावर यवतेश्वरचा घाट उभा राहिला. ती झाडं, तो डांबराचा पट्टा, खाली साताऱ्याची घरं. इतका हुबेहूब की तिनं हात लावून बघितला. उतरताना तिसऱ्या वळणावर तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

“हितला कठडा तुटका कशाला काढलाय?”

यशराज हातातली वायर गुंडाळायला लागला.

तिनं पुन्हा सुरुवात केली. गिअरमध्ये उतरली — गाडी वळण घेऊन गेली. मग एकदा न्यूट्रल करून उतरली. ब्रेक तापले, गाडी सुटली आणि बरोबर त्या तुटक्या कठड्यातून बाहेर.

क्रांतीनं स्टिअरिंग सोडलं. आवाज खाली आणून म्हणाली, “गाडी तुमी चालवत हुता.”

“अप्पा शेजारी झोपले होते,” यशराज म्हणाला. अप्पा म्हणजे त्याचे वडील, लालासाहेब. फौजेत ड्रायव्हर होते, आता काठीवर चालत. “त्यांचा पाय त्यातच गेला. वजीर मिस्त्रींनी चारच दिवस आधी आमचे ब्रेक केले होते. दवाखान्यात सगळ्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, ब्रेक लागले नाहीत. खोटं नव्हतं ते, क्रांती... ब्रेक लागलेच नाहीत.”

“का लागलं न्हाईत, ते सांगितलं न्हाई.”

“नाही.”

“आन् मिस्त्री?”

“तेव्हापासून ब्रेकचं काम कोण देणार त्यांना? कोरेगाव रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चर काढतात.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “म्हणून या गेम ताडत बसतो. वाटतं, एखादी तरी खरी गेम सापडेल, ज्यात गिअरमध्ये असूनसुद्धा गाडी तिथं गेलीच असती...”

“म्या उतरवली की आत्ता. ऱ्हायली वळणावर.”

“हो. बघितलं.”

बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. क्रांतीला राग आला होता, आणि रागाच्या खाली त्या वाकलेल्या मानेवर हात ठेवावा असंही वाटत होतं. अशा वेळी हात ठेवला असता तर सोपं झालं असतं. तिनं तो ओढणीत गुंडाळून ठेवला.

“मला वाटलं, आज तुमी येगळंच सांगणार.”

“तेच सांगायचं होतं. पण हे लपवून ते कसं सांगू?”

“मंग हे मला कशाला सांगता? ज्याचं नाव गेलं त्याला जाऊन सांगा. चार माणसांत सांगा. न्यूट्रल मी बी करते, माझा बा बी करतो, उद्या माझी बी गाडी जाईल, म्हणून मी तुमाला नावं ठेवत न्हाई. पर दुसऱ्याच्या नावावर घातलेलं मला चालायचं न्हाई.” दारात जाऊन ती थांबली. “रविवारी दुपारी चारला यायचे हायत ते. मी कुणाची वाट बघत बसणारी बाई न्हवं.”

एवढं बोलून निघाली, आणि स्टँडपर्यंत सात वेळा मागं बघितलं. पार्ट घ्यायचा राहिलाच.

शुक्रवारी फोन नाही. शनिवारी नाही. शनिवारी तिनं उसाच्या तीन खेपा केल्या आणि एकदाही गाणं लावलं नाही. मी मोठ्या तोंडानं बोलून आले, तिला वाटलं, आणि माणूस गमावून बसले... पण बोललेला शब्द माघारी घ्यावा असं मात्र एकदाही वाटलं नाही.

रविवारी सकाळी दहाला दारात एक जुनी पांढरी गाडी येऊन उभी राहिली. पुढच्या दारातून काठी टेकत लालासाहेब उतरले, मागून एक पांढऱ्या दाढीचे, काळ्या बोटांचे गृहस्थ. ड्रायव्हर काही उतरेना.

भाऊसो पायरीवरूनच म्हणाले, “पाव्हणं तर चारला यायचं हुतं. ही कोण?”

“ही सकाळची,” क्रांती म्हणाली.

“मी वजीर मिस्त्री, सातारचा,” दाढीवाले म्हणाले. “आवं, तीन वरीस मी पंक्चर काढली, माझा काय बी गुन्हा नसताना. परवा ह्यो पोरगा आला. सगळी गॅरेजं हायत त्या चौकात हुभा ऱ्हायला, धा मिस्त्र्यांना हाका मारून गोळा केलं, आन् म्हणला, वजीरचाचांचं ब्रेक चांगलं हुतं, गाडी म्या न्यूट्रल केली हुती.”

“मंग तुमी काय केलं?” भाऊसो पायरी उतरून खाली आले.

“काय करणार? आधी एक कानफटात ठेवून दिली. मंग पोटाशी धरला. आन् म्हणलं, आता माझ्या हातच्या ब्रेकवर गाडी चालव, अप्पाला शेजारी बसव, आन् जिथं जायचंय तिथं चल. तर म्हणला, पलूस.”

लालासाहेब काठीवर रेलून म्हणाले, “दोन दिस बोललो न्हाई मी त्याच्याशी. मिस्त्रीच्या तोंडाकडं बघवंना मला. पर आज कऱ्हाड सोडल्यावर मला शेजारी झोप लागली.” एवढंच बोलले आणि नाक शिंकरलं.

“मंग पोरगा खाली का उतरंना?”

“साताऱ्यापास्नं जे पकडलंय स्टिअरिंग, ते सुटंना झालंय!” वजीर मिस्त्री म्हणाले.

भाऊसो खिडकीशी गेले. आत यशराज ताठ बसलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, शर्ट घामानं ओला.

“त्यो व्हिडिओवाला तूच व्हय? गेम खेळतोस म्हणं?”

“हो.”

“माझी पोरगी ट्रॅक्टर चालवती.”

“माहीत आहे.”

“सोडायला सांगणार?”

“नाही. मडगार्डवर शेजारी बसू द्या, तेवढं पुरे.”

भाऊसोंनी लेकीकडं बघितलं. लेक जमिनीकडं बघत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बापासमोर तिला बोलायला काही सुचत नव्हतं. तेवढं भाऊसोंना बास झालं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि कवठे महांकाळला लावला. “पाव्हणं, राम राम. तुमी आज येऊ नगा... न्हाई, पोरगी ट्रॅक्टर सोडायची न्हाई.” फोन ठेवून ते दोघा म्हाताऱ्यांना घेऊन आत गेले.

क्रांती गाडीच्या पलीकडून आली, दार उघडून शेजारच्या सीटवर बसली. आत नव्या ब्रेक ऑईलचा वास होता. तो समोरच बघत होता.

“उतारावर गिअर कितवा हुता?” तिनं विचारलं.

“तिसरा. एकदाही काढला नाही.” तो हसायला गेला, पण जमलं नाही. “क्रांती, बोटं उघडत नाहीत गं...”

तिनं त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला. बर्फासारखा गार. करंगळीपासून सुरुवात करून तिनं एकेक बोट स्टिअरिंगवरनं हळूच सोडवलं, चोळलं, सरळ केलं. मग वाकून उजव्या हाताकडं वळली. तिचे केस त्याच्या खांद्याला लागले. त्यानं श्वास धरून ठेवला.

“मला तुझ्याशी—”

“थांबा,” क्रांती म्हणाली, मान वर न करता. तिच्या आवाजात हसू होतं आणि डोळ्यांत पाणी. “आजून दोन बोटं ऱ्हायलीत.”