सावलीचाल

हॉटेल नीलमोहरमध्ये खोलीची किल्ली मिळत नाही. कार्डही मिळत नाही. रिसेप्शनसमोरच्या निळ्या गालिच्यावरून दहा पावलं चालायचं, बस्स. गालिच्याखाली, आणि पुढं इमारतीच्या सगळ्या फरशीत, केसाएवढे बारीक दाबतंतू विणलेले आहेत. टाच किती जोरात टेकते, अंगठा कधी सुटतो, माणूस रेंगाळतो की सुटतो, हे सगळं ते टिपतात आणि दहाव्या पावलाला इमारत तुम्हाला ओळखू लागते. मग दारं आपली आपण उघडतात, लिफ्ट येऊन उभी राहते, दिवे तुमच्या मनासारखे मंद होतात. हॉटेलवाले याला 'पाऊलवाचन' म्हणतात.

मे महिना. बाहेर नागपूर सत्तेचाळीस डिग्रीत भाजून निघत होतं. सुकेशिनीनं आईच्या बासष्टाव्या वाढदिवसासाठी ही दोन दिवसांची सहल ठरवली होती. घर इथून सहा किलोमीटर. शेजारच्या वानखेडे काकूंनी निघताना टोमणा मारलाच होता, "सहा किलोमीटर सुट्टीले चालले! बॅग कायले भरता वं, थैली न्या!"

सात वर्षांच्या मितूनं दहा पावलं उड्या मारत टाकली. पडद्यावर जांभळं फूल उमललं : 'स्वागत आहे, पाहुण्या.' तिचा बाप प्रफुल्ल वरातीतल्या नवरदेवासारखा छाती काढून चालला. फूल. सुकेशिनी चालली. फूल. मग तिची आई, चंद्रकला खोब्रागडे.

चंद्रकला गालिच्याच्या मधोमध आलीच नाही. कडेकडेनं, खांदे थोडे आत घेऊन, भराभर, आवाज शून्य. फूल उमललं नाही. त्याऐवजी रिसेप्शनमागच्या भिंतीत बेमालूम लपवलेलं एक करडं दार सुर्रकन उघडलं. आतून धुलाईच्या साबणाचा वास आला.

"अरे बापा," प्रफुल्ल म्हणाला, "आईले तर वेगळाच दरवाजा!"

चंद्रकला हसली. "वळखलं मेलीनं मले," ती फरशीकडे बघत म्हणाली.

न ओळखून करते काय? सत्तावीस वर्षं ती याच हॉटेलात खोल्या आवरत होती, याच करड्या दारातून येत-जात. आठ वर्षांपूर्वी फरशी बसवली तेव्हा कंपनीच्या लोकांनी सगळ्या कामगारांतून तिला निवडलं. तीन महिने तिला नुसतं चालवलं. पाहुण्याच्या शेजारून जावं आणि पाहुण्याला पत्ताही लागू नये, अशी तिची चाल. त्यांनी तिला 'सावलीचाल' असं नाव दिलं. पुढं जुन्या-नव्या प्रत्येक कामगाराला, मग तो झाडणारा असो की वाढणारा, पंधरा दिवस तिच्या नोंदवलेल्या पावलांवर पावलं टाकायला लावलं. फरशी 'जमलं' म्हणाली की नोकरी पक्की. चंद्रकलेला एक मिक्सर मिळाला आणि कॅन्टीनमध्ये तिचा फोटो लागला. माणसाला माणूस दिसू नये म्हणून एवढं शास्त्र राबवलं, आणि त्या शास्त्राला लाज वाटली नाही.

दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली. फरशी मात्र निवृत्ती मानत नव्हती.

रिसेप्शनवरच्या मुलीनं "होतं कधी कधी" असं म्हणून वेळ मारून नेली आणि सगळे नवव्या मजल्यावरच्या खोलीत आले. म्हणजे तिघं मधल्या काचेच्या लिफ्टनं आले. चंद्रकला सेवा-लिफ्टनं, धुतलेल्या चादरींच्या गाडीशेजारी उभी राहून आली आणि तिघांच्या आधी पोचली.

खोली पाहून मितू थेट पलंगावर चढली आणि नाचू लागली. प्रफुल्लनं फळांची परडी ताब्यात घेतली. चंद्रकलेनं चादरीचा एक कोपरा उचलला, नाक मुरडलं.

"हे काय घडी हाय? कोण्या आळश्यानं घातली?" आणि तिनं चारही कोपरे नव्यानं घालून टाकले.

"आई! हात लावायचा नाही. आज तू पाहुणी आहेस."

"हाव बाप्पा. सवय आहे. सवयीले काय माहीत आज वाढदिवस आहे म्हणून?"

"तुझी काय इच्छा आहे ते सांग. दोन दिवस तुझे."

चंद्रकला खिडकीशी गेली, मग दाराशी आली. बाहेर, इमारतीच्या पोकळ मध्यातून, समोरच्या उंच काचभिंतीला लागून ती काचेची लिफ्ट वर चालली होती, उन्हानं लखलखत, थेट चौदाव्या मजल्यावरच्या पोहण्याच्या तलावापर्यंत. "रोज पहाटे हिची काच पुसत होती मी," ती म्हणाली. "खाली थांबवून. आतून, बाहेरून. सुपरवायझर म्हणे, काच पुसायची, काचेत बसायचं नाही. मले एकदा हिच्यातून वर जायचं आहे. दिवसाउजेडी. बस. मग मले जेवाले नाही दिलं तरी चालते."

"जेवाले तर देतील," प्रफुल्ल म्हणाला. "मी पाहून आलो. चौदा प्रकारचे गोड आहेत."

हट्ट एवढासाच होता. पण चंद्रकला काचेच्या लिफ्टसमोर उभी राहिली की दार मिटलेलं राहायचं आणि गोड आवाजात सूचना यायची : 'कर्मचाऱ्यांनी कृपया सेवा-लिफ्ट वापरावी.'

"ती कर्मचारी नाही!" मितू लिफ्टवर ओरडली. "ती आजी आहे!"

मग मितूनं शिकवणी सुरू केली. "आजी, मधून चाल. अशी. काहीच काम नाही अशी. आता थांब. उगाच थांब. भिंतीवरचं चित्र पाहा."

"चित्र पाहून काय करू? धूळ आहे त्याच्यावर."

"धूळ नाही पाहायची, चित्र पाहायचं!"

कॉरिडॉरमध्ये चौघंही बिनकामाचं चालण्याचा सराव करू लागले. प्रफुल्ल तर इतका रेंगाळला की एका खोलीचं दार त्याला बोलावून बसलं. चंद्रकला हसून हसून भिंतीला टेकली. पण फरशीला हसू येत नाही. ती बासष्ट वर्षांच्या घोट्याकडे, सत्तावीस वर्षांच्या टाचेकडे बघत होती. शेवटी प्रफुल्लनं सासूबाईंना सरळ पाठुंगळीला मारलं आणि लिफ्टसमोर उभा राहिला.

'जड सामान कृपया सेवा-लिफ्टनं न्यावं.'

"उतरव रे मले," चंद्रकला डोळे पुसत म्हणाली. हसण्याचं पाणी होतं ते, निदान बरंचसं. "तुम्ही जा वर. लेकराले पोहू द्या. मी खोलीत निजते जराशी."

वीस मिनिटांनी सुकेशिनी मितूचा पोहण्याचा चष्मा न्यायला खोलीत आली आणि दारातच थबकली. खोली भट्टी झाली होती. एसी बंद, पडदे सताड उघडे, छतातला पांढराफटक कामाचा उजेड पेटलेला. आणि आई त्या भल्यामोठ्या पलंगावर नाही, बाथरूमच्या दाराशी स्टुलावर बसली होती, पदरानं वारा घेत.

"एसी काहून बंद केला?"

"मी नाही केला. खोलीत कामवाली एकटी असली का तो बंद होते आपोआप. वीज वाचते म्हणे." चंद्रकला अगदी साधेपणानं म्हणाली. "आमच्यावेळेपासून आहे हे."

चष्मा न घेताच सुकेशिनी वळली. ती तशीच, ओल्या केसांनी, खाली उतरली.

व्यवस्थापक उमाळकर सतरा वर्षांपासून इथं होते. कडक इस्त्री, टकटक वाजणारे बूट. ते आणि सुकेशिनी वर आले तेव्हा चंद्रकला उठून उभी राहिली. ती सवयच.

"बस आई," सुकेशिनी म्हणाली. "साहेब उभे राहतील."

"चंद्रकला... म्हणजे, मॅडम," उमाळकर चाचरले. "गैरसोय झाली. फरशीचा अंदाज कधी कधी..."

"अंदाज नाही तो," सुकेशिनी म्हणाली. "तुम्ही फरशीला शिकवलंत की अशी चालणारी बाई आली की तिला घामात ठेवायची. शिकलेलं ती चोख करते. माझी आई आज इथली पाहुणी आहे. ते तिला शिकवा. आत्ता. माझ्यासमोर."

"हो, हो. हे काय, एका बोटाचं काम." उमाळकरांनी हातातला टॅब उघडला. नोंद सापडली : खोब्रागडे, चंद्रकला. प्रकार : कर्मचारी. त्यांनी 'पाहुणा' निवडलं. खाली बारीक अक्षरात एक ओळ आली : 'ही नोंद मूळ नमुना आहे. बदल सर्व संलग्न नोंदींना लागू होईल. पुढे जायचं?'

असल्या ओळी कोण वाचतं? उमाळकरांनी 'हो' दाबलं.

एसी घुर्रकन सुरू झाला. पडदे मिटले. दिवे मधाच्या रंगाचे झाले आणि कुठूनशी बासरी वाजू लागली. 'स्वागत आहे, पाहुण्या,' खोली म्हणाली. चंद्रकलेनं एकदा छताकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग पायातल्या चपला सारख्या केल्या आणि बाहेर निघाली. कडेकडेनंच, आवाज न करता. चाल तीच होती. बदललं होतं ते फरशीचं मत.

काचेच्या लिफ्टचं दार उघडलं.

तिनं उंबरा ओलांडताना, देवळात लावतात तसा, खाली वाकून हात लावला. सुकेशिनीही आत आली आणि लिफ्ट वर निघाली. दहावा मजला, अकरावा. खाली लॉबी बशीएवढी झाली. काचेबाहेर सगळं नागपूर उन्हात पसरलं होतं.

"अवं सुके, ते पाय, आपल्याकडची पाण्याची टाकी! अवं माय, वानखेडीणबाईचं निळं प्लास्टिक दिसून राहिलं गच्चीवर!" ती काचेला नाक लावून ओरडत होती. नाकाचा डाग काचेवर उमटला. तिनं सवयीनं पदर उचलला, थांबली, आणि पुसला नाही.

बाराव्या मजल्याशी लिफ्ट थांबली. बाहेर दुर्गाबाई उभी होती, झाडू-पोछ्याची गाडी घेऊन, तोंड उघडं टाकून. "चंद्रकलाबाई! मी नाही बोलावली हिले! मी नुसती समोरून चालली होती!"

"ये ना आत मग."

"मी? कामावर आहे मी."

"काम कर जा तर."

"कशी करू? चादरींच्या खोलीचं दार उघडत नाही. म्हणते, 'पाहुण्यांनी श्रम घेऊ नयेत.'"

आता सुकेशिनीच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती कठड्याला धरून हसायला लागली. चंद्रकलेची चाल पाहुण्याची ठरली, म्हणजे तिच्या पावलांवर पावलं टाकून तयार झालेल्या सगळ्यांचीच ठरली. शेहेचाळीस माणसं. आख्खं हॉटेल.

खाली हलकल्लोळ होता, पण काय गोड हलकल्लोळ! वाढपी ताट घेऊन निघाला की खुर्ची आपोआप मागं सरकत होती. धुलाईच्या पोरींना लॉबीनं अत्तराचा फवारा मारला. भांडी घासणाऱ्या रघुनाथजींना, जे नोकरीला लागल्यापासून तळघरातून वर आले नव्हते, फरशीनं वाटेत दिवे लावत लावत लिफ्टपर्यंत आणून सोडलं. खरे पाहुणे आधी चिडले. पण चहा मिळेना तेव्हा एक आजोबा स्वतःच स्वयंपाकघरात शिरले, आणि त्यांच्या बायकोनं चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातचा चहा प्यायला. चांगला झाला होता म्हणे.

आणि उमाळकर पळत होते. चादरींच्या खोलीकडे, तिथून स्वयंपाकघर, तिथून रिसेप्शन. भिंतीच्या कडेकडेनं, खांदे आत घेऊन, घाबरे, भराभर. कर्मचाऱ्याचा नमुना हरवलेली फरशी त्यांची पावलं मन लावून वाचत होती. ते काचेच्या लिफ्टसमोर आले तेव्हा दार मिटलेलंच राहिलं.

'कर्मचाऱ्यांनी कृपया सेवा-लिफ्ट वापरावी.'

चौदाव्या मजल्यावर ते पोचले तेव्हा सूर्य कलला होता. तलावाच्या काठावर रांगेनं माणसं बसली होती, पाण्यात पाय सोडून. चंद्रकला, दुर्गाबाई, रघुनाथजी, धुलाईच्या पोरी. मितू मध्ये पाणी उडवत होती. प्रफुल्ल सगळ्यांना गोड वाढत होता, स्वतःला दर फेरीला एक.

"मला हे... उलटं करावं लागेल," उमाळकर धापा टाकत म्हणाले. हातात टॅब होता. "एका बोटाचं काम आहे. तुम्ही मात्र, मॅडम, पाहुण्याच राहाल. तुमची नोंद वेगळी काढतो."

"अन् ही?" चंद्रकलेनं दुर्गाबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "हिनं माझीच चाल उचलली आहे. मी पाहुणी तर ही कशी नाही?"

"हॉटेल कसं चालणार मग? काम कोण करणार?"

"काम आम्हीच करू," दुर्गाबाई म्हणाली. "उद्या सकाळी करू. काम करते म्हणून एसी बंद कायले करता, ते सांगा. काचेत बसून खाली कामाले गेलं तर काच झिजते?"

उमाळकरांनी रुमालानं मान पुसली. त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याला पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता. सेवा-लिफ्टमध्ये पंखा नसतो, हे सतरा वर्षांत त्यांना आज कळलं.

मितू काठाशी पोहत आली. "काका, तुमचे पाय दुखत नाहीत?"

चंद्रकलेनं बाजूला सरकून जागा केली. "बसा, साहेब. बूट काढा. पाण्यात फरशी नाही, तिथं कोणालेच काही कळत नाही."

त्यांनी टॅब काखेत धरला. मग वाकले, एक बूट काढला, दुसरा काढला, आणि बसले. पाणी गार होतं. मांडीवरचा टॅब उजळला. फरशीनं नवी मोजणी पूर्ण केली होती आणि ती, शिकवल्याप्रमाणे, नम्रपणे विचारत होती :

'इमारतीत सध्या पाहुणे ३११. कर्मचारी १. बरोबर आहे का?'