तीस डिसेंबरची दुपार

महानंदाबाईंनी झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "अम्मा, कागदावरचा अंगठा माझाच हाय. पण कागद माझा न्हाई."

पार्वतम्मांनी चष्मा चढवला. नांदेडात एका चपलांच्या दुकानावर त्यांचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. भूमापन खात्यात सगळी नोकरी झाली, जमिनी मोजून झाल्या; आता देगलूरची ही बाई लोकांच्या थापा मोजायची. दाराशी केळं सोलत उभा होता तो वैजनाथ, त्यांचा जीपवाला आणि एकुलता एक सहायक. तपासातलं त्याला बेताचंच कळे. पण अम्मांबरोबर गेलं की कुठंतरी चांगलं जेवण मिळतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कागदावर टाईप केलं होतं: 'मी महानंदा, आज दि. ३० डिसेंबर रोजी दुपारी, बेटावरील माझ्या राहत्या घरी, राजीखुशीने लिहून देते की मला मंजूर झालेले घरकुल नको. ते यादीतील पुढच्या नावास द्यावे.' खाली अंगठा.

"कुठलं बेट?" वैजनाथनं विचारलं.

"बेटसांगवी. कंधारच्या पल्याड. धरण झालं तवा शिवार बुडालं अन् टेकडावरची वस्ती तेवढी राहिली. चहूकडं पाणी. नवी शेतं मिळाली ती पल्याडच्या काठाला." बाईंनी पदरानं कपाळ टिपलं. "गेल्या वळवात माझ्या छपराचे पत्रे उडाले. मी अन् लेक ताडपत्रीखाली दिवस काढायलोत. सहा वर्षांनी यादीत नाव लागलं अम्मा, अन् आता हे. आज एक मे, चार वाजता ग्रामसभा हाय. ठराव झाला की माझं नाव गेलं."

"वैजनाथ, तीस डिसेंबरला आपण कुठं होतो रे?"

"तुमचं ठाऊक न्हाई. मी रजेवर. निलंग्याला, सासऱ्याच्या शेतात जेवायला. तुम्ही लई कुरकुर केल्ती."

पार्वतम्मांनी भिंतीवर नव्या कॅलेंडरखाली राहिलेलं गेल्या सालचं कॅलेंडर काढलं, डिसेंबरचं पान थोडा वेळ बघितलं आणि पुन्हा अडकवलं. "गाडी काढ," त्या म्हणाल्या.

जीप काठाशी थांबली तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. नावाडी दस्तगीरचाचा गावातल्या एकाच्या विटा नावेतून उतरवत होता. "बेटावर घर बांधायचं म्हंजी आधी नदी बांधायची," तो म्हणाला. "अनुदान समद्यांना सारखं. पण वीट नावेत बसती, वाळू नावेत बसती, त्याचा हिशेब सरकार धरत न्हाई."

"आज गर्दी दिसते," पार्वतम्मा म्हणाल्या.

"ही कसली गर्दी? येळवशीला बघा, शेतपूजेच्या अवसंला. समदं बेट सकाळी पल्याड शेतात नेऊन सोडतो अन् दिवस बुडताना परत आणतो. मदी मी बी अन् नाव बी अमृतरावांच्या शेतातल्या कोपीपाशी पडून. कडब्याची हीऽ कोपी, अन् समद्या भाज्यांच्या भज्जीचं भगुणं बघाल तर माणूस बुडावं. लई खाऊ घालतो गडी."

वैजनाथच्या तोंडाला पाणी सुटलं आणि पुढचं काही त्याला ऐकू आलं नाही.

पंचायतीच्या खोलीत पुनम बसली होती. ऑपरेटर, पोर सांगलीची. बिचारी रडवेली झाली होती.

"अर्जाच्या वेळी मी दोन कोऱ्या कागदांवर बाईंचे अंगठे घेतले होते. चूक झाली. ते ह्या कपाटात होते."

"किल्ली?"

"दारामागच्या खिळ्याला. सगळ्यांना माहितीय. सुदर्शनदादा मोबाईल चार्ज करायला येतात, अमृतरावकाका रोज पेपर वाचायला. मला वाटतं एकतीस डिसेंबरनंतरचा नकार चालत नाही, म्हणून कुणीतरी मागची तारीख टाकली. पत्र गेल्या आठवड्यात थेट विस्तार अधिकारी साहेबांच्या फायलीत निघालं. त्यांनी मला दाखवलं आणि बाईंना झेरॉक्स दिली, बाकी कुणाला दाखवलेलं नाही."

"तीस तारखेला तू?"

"गावी होते, सुट्टीवर. सोमवार होता, एवढं आठवतं."

सुदर्शन यादीतला पुढचा. नाव काढताच तो चिडला. "घर मलाच मिळणार म्हणून चोर मीच व्हय? तीस डिसेंबर कोण ध्यानात ठेवतं, बाई? कालचं जेवण आठवंना."

अमृतराव त्याचे सासरे. माजी उपसरपंच, भरघोस मिशा, आवाज त्याहून भरघोस. त्यांना मात्र तारीख विचारायचा अवकाश.

"तीस डिसेंबर? हाव, चांगलं ध्यानात हाय. भर दुपारी महानंदा आपल्या ओट्यावर बसल्ती. मी वाटंनं चाललो व्हतो. म्हणली, काका, बेटावर इटा आणायचं मला झेपत न्हाई, घर नको. ह्या कानांनी ऐकलं."

"तब्येतीनं सांगितलंत," पार्वतम्मा म्हणाल्या आणि पाणी मागितलं.

बाहेर आल्यावर वैजनाथ हळूच म्हणाला, "अम्मा, सुदर्शनच. ज्याला घर, त्याचा हात. अन् साक्षीदार बी त्याचाच सासरा."

"तुझ्या पोटात उत्तर आहे, वैजनाथ. पण तू ते पचवून टाकलंस."

चार वाजता लिंबाखाली ग्रामसभा भरली. विस्तार अधिकारी ठराव वाचायला उठले, तेवढ्यात पार्वतम्मांनी हात वर केला.

"साहेब, दोन मिनिटं. मला अमृतरावांचं कौतुक करायचंय. तुमच्या येळवशीची कीर्ती नावेतच ऐकली. यंदा किती पानं उठली?"

अमृतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "साठ-सत्तर तर कुठं न्हाई गेली."

"गड्यावर सोपवलं होतं का सगळं?"

"मी? दिवस उगवायच्या आत शेतात. पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा केली, आंबील घेऊन पिकावर चर शिंपली. दिवस बुडताना शेवटच्या नावेनं घरी. इचारा दस्तगीरला."

दस्तगीरचाचानं मान डोलावली.

"आणि महानंदाबाई?"

"तिच्या हातच्या भज्जीसाठीच तर तिला दरसाली नेतो. दिवसभर आमच्याच चुलीम्होरं व्हती."

"मग दुपारी बेटावर कोण होतं?"

"कुत्री," मागून कुणीतरी म्हणालं आणि सभा हसली.

पार्वतम्मा वळल्या. "वैजनाथ, तीस डिसेंबरला सासऱ्याच्या शेतात कशाला गेल्तास?"

"कशाला म्हंजी? येळवस व्हती की..." वैजनाथचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

लिंबाखालची हसरी तोंडं अमृतरावांकडं वळली.

"सण आपण तिथीनं ध्यानात ठेवतो," पार्वतम्मा म्हणाल्या, "आणि कागद मागतो तारीख. एकतीसच्या आतली हवी, म्हणून लिहिणाऱ्यानं तीस टाकली. ती येळवस आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. सुदर्शनला तारीख आठवली नाही, खऱ्या माणसाला आठवत नाहीच. पुनमचंही सांगते. ती सांगलीची, तिला येळवस ठाऊक नाही, चूक तिचीही असू शकली असती. पण न घडलेली भेट डोळ्यांनी बघितली असं एकाच माणसानं सांगितलं. मी त्यांना फक्त तारीख विचारली होती, अमृतराव. दुपार आणि राहतं घर ह्या दोन गोष्टी त्या न दाखवलेल्या कागदावर होत्या. तुम्हाला कुठून कळल्या?"

अमृतरावांनी मिशी सोडून दिली. "पोरीला शब्द दिल्ता," ते म्हणाले. "म्हणलं, माझ्या डोळ्यांदेखत तिचं पक्कं घर व्हावं."

"मामा, मला इचारायचं तरी," सुदर्शन उठून उभा राहिला. "दुसऱ्याचं छप्पर ओढून मी कशाला झोपू? माझा नंबर येईल तवा येईल."

अधिकाऱ्यांनी ते पत्र लिफाफ्यात घातलं. "ह्याची चौकशी वर होईल. ठराव रद्द. महानंदाबाईंचं नाव कायम."

महानंदाबाई रडल्या, आणि रडता रडता लेकीला म्हणाल्या, "आता ताडपत्री दस्तगीरचाचाला परत देऊ."

मग अमृतरावच बोलले, पहिल्यांदाच हळू आवाजात. "माझा तराफा मोठा हाय. इटा, वाळू, लोखंड, समदं मी आणून देतो. चौकशी व्हायची ती व्हईल."

बाईंनी डोळे पुसून त्यांच्याकडं बघितलं. राग होता, पण इतक्या वर्षांच्या भज्जीची ओळखही होती.

"आणा, काका. अन् घर झालं की जेवायला या. फकस्त येळवशीला नका येऊ. त्या दिवशी घरी कुणी नसतं."

सगळ्यांत आधी अमृतरावच हसले. वैजनाथनं जेवण आजच आहे का, एवढं विचारून घेतलं.