क्लबाच्या इतिहासातलं एक नाव

"तुमी टेबलाले इस्त्री करून राह्यले?"

मला हसू आवरेना. भल्यामोठ्या बिलियर्ड टेबलाच्या हिरव्या कापडावरून तो एकाच दिशेने, जपून इस्त्री फिरवत होता.

"हौ. नाही केली तं बॉल वाकडा पळते," मान वर न करता तो म्हणाला. "आन् तुमी चप्पल घालून आत आल्या."

मी जीभ चावली. चप्पल बाहेर काढून परत आले, तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं... आणि इस्त्री एका जागी जरा जास्तच थांबली.

"कापड जळन," मी म्हणाले.

तो धम्मपाल, क्लबाचा मार्कर. टेबल सांभाळायचं आणि खेळणाऱ्यांचे गुण मांडायचे, हे त्याचं काम. मी दीप्ती, खैरलांजीची. बालाघाटच्या या शंभर वर्षांच्या क्लबाची स्मारिका लिहायला आलेले. इथे मेंबरांशिवाय कुणाला प्रवेश नाही. माझा पास काम संपेपर्यंतचाच.

टेनिस कोर्ट कधी झालं, पत्त्यांची खोली, वाचनालय, नवा स्विमिंग पूल, सगळ्याच्या तारखा फायलींत होत्या. पण हरल्यावर कोणते साहेब रुसून लॉनवर जाऊन बसायचे, ते फक्त धम्मपालला ठाऊक. तीन आठवडे मी विचारत राहिले. उत्तर माहीत असलं तरी विचारायचे!

मग तो जुना फोटो सापडला. खाली सगळ्यांची नावं, कडेला उभ्या माणसाखाली नुसतं 'मार्कर'.

"माहे आजोबा," धम्मपाल हळूच म्हणाला. "टिकाराम. चाळीस वर्षं होते इथं."

मी स्मारिकेच्या मजकुरात ते नाव लिहिलं. सेक्रेटरी भैयालालजींनी त्यावर बोट ठेवलं. "सिर्फ़ मेंबरों के नाम जाते हैं, बेटा. काट दो."

काम गेलं की पास जाणार, आणि धम्मपालचं भेटणंही. तरी मी म्हणाले, "फिर मेरा लिखा भी मत छापिए."

चष्मा काढून भैयालालजींनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "मुझे खेलना इन्होंने ही सिखाया था... और हम उमर भर मार्कर-मार्कर पुकारते रहे."

नाव राहिलं.

स्मारिका छापायला गेली, त्या दिवशी मी पास परत केला. धम्मपाल गेटपर्यंत आला.

"काम गेलं असतं तं? आजोबासाठी एवढी काहून भांडली तू?"

"आजोबासाठी भांडली, हौ..." माझे कान तापले. "पण तुले सोडून जा लागन म्हणून रडूही येऊन राह्यलं होतं. मले तू आवडतं, धम्मपाल."

बोलून गेले, आणि मला पळून जावंसं वाटलं.

"मले तं पहिल्या दिवसापासून..." तो म्हणाला, आणि गेटची कडी उगाच लावत-काढत राहिला.

"पण उद्यापासून मले आत कोण घेईन?"

"तुले काहून यायचं आत? मी येतो नं बाहेर," तो म्हणाला. "पाच वाजता सुटतो."